पलटणीतली वर्षं वाया जातात का?

इंदूरच्याच एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी बारावीत, नीटच्या तयारीत. तिला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात जायचंय आणि पुढे छातीची सर्जन व्हायचंय. घरात दोन तट पडलेत. आजोबा म्हणतात, वर्दी मिळतेय तर सोडू नकोस. वडिलांचं म्हणणं, सर्जनच व्हायचं तर इथे इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजला घे, घरचं जेव, नीट शीक. फौजेत गेलीस तर ऐन उमेदीची दोन-चार वर्षं कुठल्या तरी डोंगरावर जवानांना सर्दी-तापाच्या गोळ्या वाटण्यात जातील. ताईंनी शेवटी विचारलंय, ‘तुम्ही फौजही केलीत आणि छातीची सर्जरीही. खरं सांगा, ती वर्षं वाया जातात का? आणि मुलगी म्हणून तिचं तिथे कसं होईल?’

ताई, ती वर्षं जगत होतो तेव्हा मलाही तसंच वाटायचं. आज साठी उलटल्यावर उलट वाटतं. आता वय झालं की जुनं सगळंच गोड लागतं, हा दोष माझ्यातही असणार, तेव्हा तेवढी वजावट करून वाचा.

आधी रस्ता सांगून टाकतो. एएफएमसी १९४८ सालची. प्रवेशाला नीटचे गुण लागतातच, पण तेवढ्यावर भागत नाही. निवडक मुलांना पुण्याला बोलावून इंग्रजी आणि तर्कबुद्धीची वेगळी परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. मुलींच्या जागा मुलांच्या मानानं बऱ्याच कमी, तीसच्या आसपास, त्यामुळे तिला गुण जास्त लागतील हे धरून चाला. शिक्षणाची फी नाही, बदल्यात बाँड, म्हणजे ठरावीक वर्षं फौजेत नोकरी करण्याचा करार. इंटर्नशिप झाली की लखनौला एएमसी (आर्मी मेडिकल कोअर) सेंटरमध्ये बेसिक कोर्स. तिथे डॉक्टरांना पळवतात, नकाशा वाचायला लावतात, हत्यार धरायला शिकवतात. मग पलटण किंवा फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स, म्हणजे आघाडीजवळचं वैद्यकीय पथक. त्यानंतर एमएसची (सर्जरीची पदव्युत्तर पदवी) तीन वर्षं, पुन्हा एखादी पोस्टिंग, मग छातीच्या खास सर्जरीच्या एमसीएचची तीन. छातीवर स्वतःच्या जबाबदारीवर चाकू ठेवेपर्यंत पस्तिशी आलेली असते. बाहेर हेच दोन-चार वर्षं आधी होतं. म्हणजे मुलीच्या वडिलांचा हिशेब चुकीचा नाही.

आता त्या ‘डोंगरावरच्या’ वर्षांकडे येतो.

मी आरएमओ, म्हणजे पलटणीचा डॉक्टर म्हणून लडाखला गेलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. पलटणीत डॉक्टर एकच. त्याच्या हाताखाली तीन-चार नर्सिंग असिस्टंट, एक एमआय रूम (पलटणीचा दवाखाना), थोडी औषधं, ऑक्सिजनचे सिलिंडर. सकाळी सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची तपासणी. नंतर लंगर (स्वयंपाकघर) बघायचा, संडास बघायचे, आणि हॉरॉक्सचा डबा उघडून पाण्याला किती क्लोरीन लागतंय ते ठरवायचं. त्या डब्यातल्या सहा पांढऱ्या कपांत पाणी ओतून, ब्लीचिंगचं द्रावण थेंबाथेंबानं वाढवत, कुठल्या कपात पहिला निळा रंग येतो ते पाहत बसणारा मी, एएफएमसीचा सर्जरीत बक्षीस मिळवलेला विद्यार्थी! घरी आईला पत्रात लिहिलं होतं, ‘मी इथे नगरपालिकेचा इन्स्पेक्टर झालोय.’

पण तिथे माझं खरं काम होतं ते श्वास मोजण्याचं. लेहची उंची साधारण साडेअकरा हजार फूट आणि आमच्या चौक्या त्याहून बऱ्याच वर. खालून आलेल्या माणसाला एकदम वर चढवलं तर त्याच्या फुप्फुसात पाणी साचतं. फौजेत त्याला हापो म्हणतात. या आजाराचं मोठं काम आपल्याच लष्करी डॉक्टरांनी केलंय. १९६२नंतर सैन्य घाईनं उंचीवर न्यावं लागलं, त्यात आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास इंदरसिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली जगासमोर मांडला. उंचीवर टप्प्याटप्प्यानं चढण्याचा नियम आमच्या वेळी पाठच असायचा: पहिल्या टप्प्यात सहा दिवस, पुढच्या दोन टप्प्यांत चार-चार. सुट्टीवरून परतलेल्यालाही त्यातून सूट नाही, आणि नेमका तोच म्हणायचा, ‘साब, मैं तो पुराना हूँ यहाँ का.’

जवान आजार लपवतो, हे पुस्तकात नव्हतं. आपल्या तुकडीबरोबर वर जायचं असतं, मागे राहिलो तर लोक काय म्हणतील ही धास्ती. त्यात अंगावर कोटपारका (टोपीचा जाड कोट), आत तीन थर. दर वेळी स्टेथोस्कोप लावायला कपडे काढायला सांगाल तर तो थंडीनंच गारठेल. मग मी चहाच्या वेळी त्यांच्यात बसायचो आणि गप्पा मारता मारता पारक्याची खांद्याजवळची चुणी कशी वरखाली होते ते मोजायचो. शांत बसलेल्या माणसाचा श्वास मिनिटाला तीसच्या पुढे गेला, वाक्य मध्येच तोडून तो दम घ्यायला लागला, की गप्पा थांबवून ऑक्सिजन, आणि जमेल तितक्या लवकर खाली. आजही वॉर्डात शिरताना मी कॉटच्या पायथ्याशी अर्धा मिनिट गप्प उभा राहतो. ज्युनियर मुलांना वाटतं, सर रिपोर्ट वाचताहेत.

एक दिवस कॉनव्हॉयमधला एक ट्रक उलटला. ड्रायव्हरची छाती स्टिअरिंगवर आपटली होती. माझ्यासमोर आणला तेव्हा ओठ निळे, मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या आणि कंठाखालची श्वासनळी बोटाला चक्क डावीकडे सरकलेली लागत होती. उजवी बाजू टिपरीनं ठोकावी तर रिकाम्या डब्यासारखी वाजत होती. फुप्फुस फाटून छातीत हवा कोंडत चालली होती; प्रत्येक श्वासाला हवा आत जाते, बाहेर येत नाही, आणि हृदय एका बाजूला ढकललं जातं. एक्स-रेची वाट पाहिलीत तर एक्स-रे प्रेताचा निघतो. मी सगळ्यात जाड सुई घेतली आणि गळपट्टीच्या हाडाच्या मध्याखाली, दुसऱ्या बरगडीच्या खालच्या फटीत घातली. फुस्स करून हवा सुटली. सायकलच्या ट्यूबची सुटते तशीच. मिनिटाभरात त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, ‘गाडी का क्या हुआ?’ (हल्ली मोठ्या माणसात ती सुई बाजूनं, चौथ्या-पाचव्या फटीत घालायला शिकवतात, कारण समोरून छातीची भिंत जाड असली तर सुई पोचतच नाही. माझ्या ड्रायव्हरच्या अंगावर मांस कमी होतं हे त्याचं आणि माझं नशीब.)

पुढची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. त्याला हेलिकॉप्टरनं न्यायचं होतं. वर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो आणि छातीत उरलेली हवा फुगते. म्हणजे सुईवर भागवून त्याला हवेत पाठवणं धोक्याचं. नळी घातली. नळीचं दुसरं टोक एरवी पाण्याच्या बाटलीत बुडवतात, हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि परत आत ओढली जात नाही. पण हलत्या हेलिकॉप्टरमध्ये काचेची बाटली उलटली तर? माझा नर्सिंग असिस्टंट, नायक होता, नववी पास. त्यानं रबरी हातमोज्याचं एक बोट कापलं, त्याच्या टोकाला चीर दिली आणि नळीवर दोऱ्यानं बांधून दिलं. श्वास सोडला की बोट फुगतं, हवा जाते. श्वास घेतला की चिकटून मिटतं. ही युक्ती जुनीच आहे, पुस्तकातही सापडते. मी ती पुस्तकात वाचण्याआधी त्याच्या हातात पाहिली.

हे मी वीरकथा म्हणून सांगत नाही. छातीच्या सर्जनचं निम्मं आयुष्य या नळी-बाटलीत जातं, आणि ती कुठे, कधी आणि किती दिवस ठेवायची यावर माणसं जगतात-मरतात. म्हणूनच माझी सगळ्यात मोठी चूकही त्याच बाटलीची आहे. एमएस करत असताना एका रुग्णालयात माझ्या रुग्णाच्या बाटलीत भरपूर बुडबुडे येत होते. त्याला एक्स-रेला न्यायचं होतं, बाटली उलटू नये म्हणून मी नळीला क्लॅम्प, म्हणजे चिमटा लावला. वाहत्या हवेची वाट बंद केली! व्हरांड्यातच तो तडफडायला लागला. मी नाडी शोधत होतो, ऑक्सिजन मागवत होतो. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या एक कॅप्टन सिस्टर धावत आल्या, माझ्याकडे न बघता त्यांनी खाली वाकून क्लॅम्प काढला. बाटली उकळल्यासारखी बुडबुडली आणि तो वाचला. लडाखमध्ये जे मला बरोबर जमलं होतं तेच चार वर्षांनी सोयीसाठी विसरलो होतो. आजही माझ्या वॉर्डात नळीजवळ क्लॅम्प दिसला की माझा आवाज चढतो, हे माझे रेसिडेंट तुम्हाला सांगतील.

एमसीएचला असताना जुनं वाचण्याचा नाद लागला आणि कळलं की छातीची शस्त्रक्रिया हे शास्त्रच मुळी निम्मं लष्कराच्या छावण्यांत वाढलंय. १९१८ सालचं उदाहरण घ्या. फ्लूच्या साथीत अमेरिकेच्या छावण्यांत सैनिकांच्या छातीत पू व्हायला लागला. सर्जन लोक शिस्तीत पू दिसला की बरगडी कापून छाती उघडत होते, आणि सरासरी शंभरातले तीस दगावत होते. लष्कराच्या वैद्यकीय सेवेतला एवार्ट्‌स ग्रॅहम हा तरुण अधिकारी त्याच्या चौकशीवर होता. त्याला दिसलं की सुरुवातीला फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं नसतं. तेव्हा छाती उघडली की बाहेरची हवा आत घुसते, फुप्फुस मिटतं आणि आधीच धापा टाकणारा माणूस त्यानंच मरतो. उपाय काय, तर आधी सुईनं किंवा बंद नळीनं निचरा करा, पू घट्ट होऊन फुप्फुस चिकटू द्या, मग उघडा. मृत्यूचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, फक्त थांबायचं कधी ते कळलं.

याच ग्रॅहमनं पुढे ५ एप्रिल १९३३ला कॅन्सरसाठी अख्खं फुप्फुस एका बैठकीत काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि तो तीस वर्षं जगला. १९५०मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचं नातं दाखवणाऱ्या अभ्यासावर ग्रॅहमचं नाव आहे. आणि १९५७मध्ये तो फुप्फुसाच्याच कॅन्सरनं गेला. वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेला माणूस. त्याचा रुग्ण त्याच्यानंतरही जगत होता.

दुसरं नाव नॉर्मन बेथ्यूनचं. ते मराठी माणसाला जवळचं आहे, म्हणजे त्याच्या मागून आलेल्या माणसामुळे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले त्याला नाव होतं याच बेथ्यूनचं. बेथ्यून कॅनडाचा. पहिल्या महायुद्धात स्ट्रेचर उचलणारा. पुढे त्याला स्वतःलाच टीबी झाला, आजारी फुप्फुस हवा भरून मिटवण्याचा तेव्हाचा इलाज त्यानं हट्टानं करून घेतला, बरा झाला आणि छातीचा सर्जन बनला. बरगडी कापायची त्यानं सुधारलेली कात्री त्याच्याच नावानं ओळखली जाते. चीनमध्ये आघाडीवर ऑपरेशन करताना बोटाला जखम झाली, ती चिघळून नोव्हेंबर १९३९मध्ये तो गेला. तीन वर्षांनी कोटणीसही तिथेच गेले, वय बत्तीस. हे मी तुमच्या मुलीला मुद्दाम सांगितलं असतं, कारण एमसीएचला बहुतेक मुलांचं लक्ष हृदयाकडे असतं. बायपासला वलय आहे. पुण्याला आमच्या एमएच सीटीसीत, म्हणजे लष्कराच्या हृदय-छातीच्या रुग्णालयात, ज्याला आता एआयसीटीएस म्हणतात, फुप्फुसाची केस आली की आम्ही दोघं-तिघंच हात वर करायचो. फुप्फुस हे सावत्र लेकरू.

निवृत्तीनंतर इंदूरला परतलो. लहानपणी मीटर गेजच्या गाडीनं महूला जाऊन परेड पाहायचो, तेच शहर, पण रुग्ण वेगळे. इथे दोन गोष्टी सतत समोर येतात.

एक म्हणजे छातीतला पू, ग्रॅहमच्या उलट चुकीचा. तिथे घाई होती, इथे उशीर. महिना महिना नळी घालून रुग्ण फिरत असतो, ‘पानी भर गया है, निकल रहा है’. तोवर फुप्फुसावर जाड साल धरलेली असते आणि ते आत अडकून बसतं. गेल्या वर्षी आठवीतला एक मुलगा आला, पाच आठवडे नळीवर, खांदा एकीकडे झुकलेला. छाती उघडली तर उकडलेल्या अळकुडीसारखी साल, काही जागी सुटी, काही जागी हाडाला घट्ट. ती सोलायला तीन तास लागले. मध्येच भूल देणाऱ्या बाईंना हळूच फुगा दाबायला सांगायचा आणि पाहायचं कुठून हवा गळतेय. शेवटच्या पट्ट्याखालून फुप्फुस गुलाबी होत वर आलं आणि छातीची पोकळी भरली, तेव्हा नर्सनं सुया मोजायच्या थांबवून पाहिलं. हेच दोन-तीन आठवड्यांत पोचला असता तर दुर्बिणीतून तासाभरात झालं असतं.

दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. झाबुआ, अलीराजपूर, धारकडचे तिशीतले मजूर. टीबीची औषधं दोन-दोनदा खाऊन आलेले, फुप्फुस पुन्हा पुन्हा फुटणारे. पलटणीत सवय लागली होती, प्रत्येकाला ‘ड्यूटी काय?’ विचारायची; जनरेटर रूममध्ये आहे का, रात्री बुखारी (शेगडी) पेटवून बंद खोलीत झोपतो का. तीच सवय इथे कामी येते. ‘काम काय करायचास?’ विचारलं की उत्तर येतं, गोध्रा. किंवा बालासिनोर. गुजरातेतल्या या गावांच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांतली पिठासारखी धूळ दोन-चार वर्षांत फुप्फुस दगड करून टाकते, सिलिकोसिस. या मजुरांच्या मृत्यूंबद्दल सुप्रीम कोर्टानं २०१६मध्ये भरपाईचा आदेश दिला. मंदसौरच्या पाटी-पेन्सिल कारखान्यांची कथाही तीच होती. माझ्या हातात अशा वेळी नळी घालण्यापलीकडे फारसं नसतं, पण कागदावर ‘टीबी’च्या जागी ‘सिलिकोसिस’ लिहिणं माझ्या हातात असतं आणि घरच्यांना भरपाई मागायला तो शब्दच लागतो.

आता वजाबाकी. फौजेत दर दोन-तीन वर्षांनी बदली. बावीस वर्षांत आमची अकरा घरं झाली. पांढऱ्या रंगात नाव-नंबर लिहिलेल्या काळ्या ट्रंका अजून माळ्यावर आहेत, त्यांत आता गाद्या-रजया. माझी पत्नी शिक्षिका. प्रत्येक गावी तिनं नव्यानं नोकरी शोधली, तीनदा मिळाली नाही, आणि तिचं पेन्शन शून्य आहे. माझ्या करिअरची खरी किंमत तिथे लिहिलेली आहे. व्यवसायाचंही नुकसान असतं: एमसीएचनंतर मला अशा ठिकाणी टाकलं की वर्षभर हर्निया आणि अपेंडिक्सच केले. हात गंजतो. अर्ज करून, सुट्टीत मोठ्या केंद्रात उभं राहून तो घासत ठेवावा लागतो.

मुलगी म्हणून काय, हेही तुम्ही विचारलंय. एएफएमसीच्या माधुरी कानिटकर २०२०मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या, २०२४मध्ये सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालकपदी आरती सरीन आल्या, आणि २०२३च्या डिसेंबरात सियाचीनवर महिला डॉक्टर तैनात झाली. दार बंद नाही. लग्नाचा आणि बदल्यांचा गुंता मात्र तिच्या वाट्याला माझ्यापेक्षा जास्त येईल, कारण नवरे सहसा ट्रंका बांधून मागे येत नाहीत.

मधली वाटही आहे, ती घरात कोणी बोललेलं दिसत नाही: एमजीएममधून एमबीबीएस करून शॉर्ट सर्व्हिसवर एएमसीत जाता येतं, आधी पाच वर्षांसाठी. वडिलांचं घरचं जेवण आणि आजोबांची वर्दी, दोन्ही. पुढे स्पेशालिटी फौजेत करायची की बाहेर, ते तेव्हा ठरवा.

एएफएमसीच धरायचं असेल तर या महिन्यात दोन कामं करा. डोळ्यांचा नंबर आणि रंगांची ओळख चांगल्या डॉक्टरकडून तपासून घ्या. निवड झाल्यावर मेडिकलला अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि बाँडचा कागद मुलीला नाही, वडिलांना वाचायला द्या. त्यावर पालकांचीही सही लागते, आणि तो घरात सगळ्यात शंकेखोर माणसानं वाचलेला बरा.